यीस्टचं श्वसन आणि पटलातले लिपिड: महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मोजायचं कसं?

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रकल्पांत एक मांडणी हमखास दिसते. यीस्ट एका फ्लास्कमध्ये ग्लुकोजवर वाढवायचं, दुसऱ्यात ग्लिसरॉलवर. दोन्हींचा ऑक्सिजन वापर मोजायचा, लिपिड काढायचे आणि लिहून टाकायचं की ‘लिपिडमुळे श्वसन बदललं’. हा निष्कर्ष या प्रयोगातून निघत नाही. भरपूर ग्लुकोज असलं की सॅकरोमायसिस सेरेव्हिसी हवा असतानाही किण्वनच करतं आणि श्वसनाची बरीचशी जनुकं दाबून ठेवतं. म्हणजे ग्लुकोजच्या फ्लास्कमध्ये मुळात मायटोकॉन्ड्रियाची यंत्रणाच कमी असते. अशा वेळी पटलाला, म्हणजे पेशी आणि मायटोकॉन्ड्रियाच्या लिपिडांच्या पातळ पडद्याला, दोष किंवा श्रेय देणं चुकीचं आहे. कार्बनचा स्रोत तोच ठेवून फक्त लिपिड बदलता आले, तरच प्रश्नाला हात घातला असं म्हणता येईल. ते एका साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर आणि डीओ (विरघळलेला ऑक्सिजन मोजणाऱ्या) मीटरवर कसं जमवायचं, ते इथे मांडलं आहे.

आधी नातं समजून घ्या

हे नातं दोन्ही बाजूंनी चालतं.

पहिली बाजू अशी: पटल बनवायलाच ऑक्सिजन लागतो. यीस्टच्या पटलातलं मुख्य स्टेरॉल म्हणजे अर्गोस्टेरॉल. त्याचा एक रेणू तयार व्हायला ऑक्सिजनचे १२ रेणू खर्च होतात. असंतृप्त मेदाम्लांचंही तसंच. ओएलई१ हे डिसॅच्युरेज एन्झाइम ऑक्सिजन वापरूनच पामिटिक आणि स्टिअरिक आम्लात एक दुहेरी बंध घालतं. म्हणून हवेशिवाय यीस्ट वाढवायचं तर अर्गोस्टेरॉल आणि ओलेइक आम्ल बाहेरून द्यावं लागतं. आंद्रेसेन आणि स्टिअर यांनी हे १९५३-५४ मध्येच दाखवलं होतं. हा ऑक्सिजन श्वसनसाखळीत जात नाही. मोजमापात मात्र तो मिसळतो, याचा बंदोबस्त पुढे येईल.

दुसरी बाजू: श्वसनसाखळी ज्या पटलात बसलेली असते, त्याच्या प्रवाहीपणावर तिचा वेग अवलंबून असतो. यीस्टमध्ये आपल्यासारखा कॉम्प्लेक्स १ (श्वसनसाखळीतला पहिला मोठा प्रथिनसंच) नसतो. एनडीआय१ आणि एनडीई ही साधी डिहायड्रोजिनेज इलेक्ट्रॉन घेऊन युबिक्विनोनला देतात. युबिक्विनोन पटलाच्या आतल्या आत सरकत कॉम्प्लेक्स ३ पर्यंत पोहोचतं, तिथून सायटोक्रोम सी आणि शेवटी कॉम्प्लेक्स ४. पटल घट्ट झालं तर हे सरकणं मंदावतं. थंडीत तूप थिजतं आणि करडईचं तेल थिजत नाही, त्यामागे हाच संतृप्त-असंतृप्त मेदाम्लांचा फरक आहे. २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात ई. कोलायच्या आतल्या पटलाची चिकटता दहापटीच्या टप्प्यात बदलून दाखवली होती आणि श्वसन तिच्या तालावर बदलताना दिसलं. यीस्टच्या जनुकीय बदल केलेल्या वाणांतही असंतृप्ततेचा मायटोकॉन्ड्रियाच्या श्वसनावर परिणाम आढळला. यात कार्डिओलिपिनचाही वाटा आहे. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलाचा हा खास लिपिड कॉम्प्लेक्स ३ आणि ४ यांना एकत्र धरून ठेवायला मदत करतो.

वाण आणि माध्यम

किराणा दुकानातलं इन्स्टंट ड्राय यीस्ट थेट वापरू नका. त्यात बहुधा सॉर्बिटन मोनोस्टिअरेट हा इमल्सिफायर असतो. दाणा पाण्यात नीट फुलावा म्हणून तो घालतात, पण तुमच्या लिपिडच्या मोजमापात तो स्टिअरिक आम्ल म्हणून येऊन बसतो. पाकीटच वापरायचं असेल तर वायपीडी (यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, पेप्टोन, ग्लुकोज) प्लेटवर दोनदा स्ट्रीक करून एकटी वसाहत उचला. त्याहून बरं म्हणजे पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंदीगडच्या एमटीसीसी संग्रहातून ओळख पक्की असलेला वाण मागवा.

मुख्य माध्यम वायपीजी: एका लिटरला यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १० ग्रॅम, पेप्टोन २० ग्रॅम, ग्लिसरॉल ३० मि.ली., पीएच ५.५. पाणी डिस्टिल्डच घ्या. मराठवाड्यातलं बोअरचं पाणी जड असतं, ऑटोक्लेव्हमध्ये त्याचा साका बसतो आणि ओडीचं (गढूळपणावरून पेशी किती ते सांगणारं) रीडिंग फसतं. यीस्ट एक्स्ट्रॅक्टमध्ये थोडं स्टेरॉल असतंच, पण हवा मिळत असताना यीस्ट बाहेरचं स्टेरॉल आत घेत नाही, त्यामुळे इथे ती चिंता नाही. मेदाम्लं मात्र ते हवेतही आत घेतं. म्हणून सगळ्या गटांना एकाच डब्यातला, एकाच बॅचचा एक्स्ट्रॅक्ट द्या.

ग्लिसरॉल निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. यीस्टमध्ये आपोआप ‘पेटिट’ पेशी तयार होतात. त्यांची मायटोकॉन्ड्रियल डीएनए बिघडलेली असते, त्या श्वसन करत नाहीत, पण ग्लुकोजवर किण्वन करून आरामात जगतात. १९४९ मध्ये एफ्रुसी यांच्या गटाने त्यांचं वर्णन केलं. गोम अशी की पेटिट पेशी फ्लुकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाला (अर्गोस्टेरॉल घटवायला पुढे तेच वापरायचं आहे) जास्त दाद देत नाहीत. ग्लुकोजच्या माध्यमात तुम्ही फ्लुकोनॅझोल घातलंत तर नकळत पेटिट पेशींचीच निवड करून बसाल. मग श्वसन घटलेलं दिसेल, पण त्याचा लिपिडशी काही संबंध नसेल. ग्लिसरॉलवर पेटिट वाढूच शकत नाहीत.

लिपिड बदलायचे कसे

चार गट करा: साधा, फ्लुकोनॅझोल, ट्वीन ८० (१ ग्रॅम प्रतिलिटर), ट्वीन ४० (तेवढंच).

फ्लुकोनॅझोल ईआरजी११ हे एन्झाइम रोखतं. अर्गोस्टेरॉल घटतं आणि त्याच्या जागी मिथाइल गट न निघालेली स्टेरॉलं साचतात. ट्वीन ८० मधून ओलेइक आम्ल मिळतं. ट्वीन ४० मध्ये पामिटिक आम्ल असतं, म्हणजे डिटर्जंट त्याच जातीचा पण मेदाम्ल संतृप्त. हा गट गाळलात तर ट्वीन ८० चा परिणाम मेदाम्लाचा की साबणासारख्या गुणाचा, हे सांगता येणार नाही. यीस्ट पामिटिकमधल्या काही भागाला स्वतःच असंतृप्त करून टाकतं, त्यामुळे या दोन गटांतला फरक मोठा असेल अशी अपेक्षा ठेवू नका.

शुद्ध फ्लुकोनॅझोल पावडर उत्तम. ती नसेल तर मार्गदर्शक प्राध्यापकांमार्फत १५० मि.ग्रॅ.ची कॅप्सूल आणा. आतली पावडर ७५ मि.ली. कोमट डिस्टिल्ड पाण्यात ढवळा, न विरघळलेला भाग सेंट्रिफ्यूज करून काढा आणि ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. हे २ मि.ग्रॅ. प्रति मि.ली.चं द्रावण झालं. कॅप्सूलमध्ये भर म्हणून बहुधा लॅक्टोज असतं, पण हे यीस्ट लॅक्टोज खात नाही.

मात्रा पुस्तकातून उचलू नका, वाणागणिक ती बदलते. सहा टेस्ट ट्यूबमध्ये ५-५ मि.ली. वायपीजी घेऊन ०, १, २, ४, ८, १६ मायक्रोग्रॅम प्रति मि.ली. असं लावा. ट्यूब शेकरवर तिरक्या ठेवा. ज्या मात्रेला वाढ साधारण पाव ते एक तृतीयांश घटते, ती घ्या. वाढ पूर्ण थांबवणारी मात्रा घेतली तर तुम्ही मरत चाललेल्या पेशी मोजत असता. १०० मि.ली. माध्यमाला ४ मायक्रोग्रॅमची मात्रा हवी असेल तर वरच्या द्रावणातून ०.२ मि.ली. पुरतं.

वाढवणं, आणि उन्हाळ्याचं काय

५०० मि.ली.च्या फ्लास्कमध्ये १०० मि.ली.च माध्यम, कापसाचा बोळा, ३० अंश, १८० आरपीएम. प्रत्येक गटाचे तीन फ्लास्क. ग्लिसरॉलवर पेशी दुप्पट व्हायला चार ते सहा तास लागतात, ग्लुकोजवर लागतात त्याच्या जवळपास तिप्पट. त्यामुळे वेळेचं गणित आधी मांडा. सुरुवातीचा ओडी ०.१ ठेवून संध्याकाळी इनॉक्युलेट केलं तर दुसऱ्या दिवशी सकाळ ते दुपारच्या दरम्यान ओडी १ च्या आसपास फ्लास्क हाती येतात. औषधाचा गट मागे राहील, त्याला जास्त वेळ द्या. सगळे गट एकाच तासाला न काढता एकाच ओडीला काढा.

ओडी १ च्या पुढे जाऊ देऊ नका. माध्यमातलं खाद्य संपत आलं की पेशी स्टेरॉलचे एस्टर करून मेदबिंदूंत साठवायला लागतात. पुढे दिलेली पद्धत मोकळं आणि एस्टरमधलं असं सगळं अर्गोस्टेरॉल एकत्र मोजते. साठा वाढलेला असतो आणि आपण समजतो पटल बदललं.

आता तापमान. साधा इन्क्युबेटर फक्त गरम करतो, थंड करत नाही. एप्रिल-मे महिन्यात नांदेड-परभणीकडे पारा ४२ च्या वर असताना त्याची तबकडी ३० वर ठेवली तरी आत ३८-४० अंशच असतात. तापमान वाढलं की यीस्ट मेदाम्लांचं प्रमाण बदलतं, म्हणजे जे मोजायचंय तेच बिघडतं. थंड करणारा बीओडी इन्क्युबेटर किंवा वातानुकूलित खोली नसेल तर हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीतच उरका. आतल्या तापमानासाठी डिस्प्लेवर विसंबू नका, पाण्याच्या बीकरमध्ये थर्मामीटर बुडवून ठेवा.

लोडशेडिंगचा फटका दिसतो त्याहून मोठा असतो. शेकर थांबला की ओडी १ च्या फ्लास्कमधला विरघळलेला ऑक्सिजन काही मिनिटांत संपतो. ग्लिसरॉलवर मग वाढही थांबते आणि अर्गोस्टेरॉल बनणंही. अर्धा तास वीज गेलेला फ्लास्क बाकीच्यांच्या रांगेत बसवू नका, टाकून द्या. शेकरला इन्व्हर्टर जोडता आला तर सगळ्यात उत्तम.

श्वसन मोजणं

डीओ मीटर आधी शून्यावर (५ टक्के सोडियम सल्फाइट, ताजं) आणि मग हवेने संपृक्त पाण्यात कॅलिब्रेट करा. तक्त्यात ३० अंशाला ७.५६ मि.ग्रॅ. प्रतिलिटर दिसेल, पण तो आकडा समुद्रसपाटीचा. छत्रपती संभाजीनगर सुमारे ५७० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब कमी असल्याने खरा आकडा ७.१ च्या आसपास येतो. लातूरला ७.०, नांदेडला ७.२. मीटरमध्ये दाब किंवा उंची भरायची सोय असेल तर ती वापरा.

१. सुमारे १०० मि.ली. मावेल अशी अरुंद तोंडाची बाटली घ्या. प्रोब घट्ट बसेल असं भोक पाडलेलं रबरी बूच आणि चुंबकीय ढवळणी हवी. बाटली ३० अंशाच्या पाण्याच्या भांड्यात ठेवा.

२. ५० मि.ली. कल्चर सेंट्रिफ्यूज करा (३००० जी, ५ मिनिटं) आणि पेशी १०० मि.ली. ताज्या, त्याच गटाच्या, ३० अंशाच्या माध्यमात मिसळा. ओडी ०.५ च्या आसपास येईल. पाच मिनिटं फ्लास्कमध्ये जोरात हलवून हवा मिळू द्या.

३. बाटली काठोकाठ भरा आणि बूच बसवा. आत हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये. बुडबुडा म्हणजे ऑक्सिजनचा गुपचूप पुरवठा, त्यामुळे उतार खोटा कमी दिसतो.

४. पहिलं एक मिनिट सोडून दर १५ सेकंदांनी पाच मिनिटं रीडिंग घ्या. रेषा सरळ असलेलाच भाग धरा, २ मि.ग्रॅ.च्या खालची रीडिंग सोडून द्या.

५. मग १ मोलर सोडियम अझाइडचं ०.१ मि.ली. घाला आणि पुन्हा तीन मिनिटं मोजा. अझाइड सायटोक्रोम ऑक्सिडेज बंद करतं. या यीस्टकडे पर्यायी ऑक्सिडेज नसल्यामुळे त्यानंतर उरलेला वापर श्वसनाबाहेरचा, म्हणजे स्टेरॉल-मेदाम्ल बनवण्यासारख्या कामांचा आणि प्रोबच्या स्वतःच्या खपाचा. तो वजा करा. ही पायरी टाळणाऱ्या प्रकल्पात नेमके पटल बनवण्यासाठी गेलेले ऑक्सिजनचे रेणू श्वसनात मोजले जातात.

अझाइड विषारी आहे. हातमोजे घाला, आम्लात कधीही मिसळू देऊ नका, आणि तांब्या-शिशाचे पाइप असलेल्या बेसिनमध्ये ओतू नका. टाकाऊ द्रावण वेगळ्या, लेबल लावलेल्या बाटलीत जमा करा.

प्रोब संथ असेल तर ओडी ०.३ वर या. पेशी जास्त असल्या की ऑक्सिजन प्रोबच्या प्रतिसादापेक्षा वेगाने उतरतो आणि आपण पेशींऐवजी प्रोबचा वेग मोजत बसतो.

गणित: समजा अझाइड वजा करून उतार ०.३२ मि.ग्रॅ. प्रतिलिटर प्रतिमिनिट आला. ३२ ने भागून ६० ने गुणलं की ०.६ मिलिमोल प्रतिलिटर प्रतितास. पेशींचं कोरडं वजन ०.१५ ग्रॅम प्रतिलिटर असेल तर श्वसनाचा वेग ४ मिलिमोल प्रतिग्रॅम प्रतितास. कोरडं वजन प्रत्यक्ष काढा: दोनदा डिस्टिल्ड पाण्याने धुतलेल्या पेशी, आधी वजन केलेली ट्यूब, ८० अंशाला रात्रभर. औषधाने पेशींचा आकार बदलतो, म्हणून ओडीवरून वजन अंदाजणं या प्रयोगात चालणार नाही.

अर्गोस्टेरॉल काढणं

१०० मि.ली. कल्चरच्या पेशी धुऊन स्क्रू-कॅपच्या बोरोसिलिकेट ट्यूबमध्ये घ्या. अल्कोहोलिक पोटॅश असं करा: २५ ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड ३५ मि.ली. पाण्यात विरघळवा (भांडं तापतं, बर्फात ठेवा) आणि शुद्ध इथेनॉलने १०० मि.ली. करा. त्यातलं ३ मि.ली. घालून एक मिनिट व्हॉर्टेक्स, मग ८५ अंशाच्या पाण्यात एक तास. इथेनॉल ७८ अंशाला उकळतं, म्हणून ट्यूब अर्ध्यापेक्षा कमी भरलेली, तडा नसलेली हवी आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

पूर्ण थंड झाल्यावर १ मि.ली. पाणी आणि ३ मि.ली. हेप्टेन घालून तीन मिनिटं व्हॉर्टेक्स करा. वरचा हेप्टेनचा थर काढा. इथेनॉलमध्ये पाचपट पातळ करून २४० ते ३०० नॅनोमीटर स्कॅन घ्या, शिवाय २३० ला वेगळं रीडिंग. ब्लँक म्हणून हेप्टेन आणि इथेनॉल त्याच प्रमाणात. अर्गोस्टेरॉलचा आलेख चार शिखरांचा असतो. शिखरं दिसत नसतील आणि नुसता उतार दिसत असेल तर आकडा लिहूच नका, ते गढूळपण आहे. थर पुन्हा सेंट्रिफ्यूज करा. रीडिंग १ च्या वर गेलं तर दहापट पातळ करा.

२८१.५ नॅनोमीटरचं रीडिंग भागिले २९, त्यातून २३० चं रीडिंग भागिले ५१.८ वजा केलं की अर्गोस्टेरॉल मि.ग्रॅ. प्रति मि.ली. मिळतं. वजाबाकी डीहायड्रोअर्गोस्टेरॉलसाठी आहे, ते दोन्ही लांबींना शोषण करतं. समजा रीडिंग ०.५८ आणि ०.२५९: ०.०२० वजा ०.००५ म्हणजे ०.०१५. पाचपट पातळ, ३ मि.ली. हेप्टेन, म्हणून ०.२२५ मि.ग्रॅ. पेशी ३० मि.ग्रॅ. कोरड्या असतील तर ०.७५ टक्के.

फ्लुकोनॅझोलच्या गटात शिखरं खुजी होतात, कारण साचलेल्या लॅनोस्टेरॉलसारख्या रेणूंत या लांबीला शोषणारे जोडीचे दुहेरी बंध नसतात. म्हणजे ‘स्टेरॉल घटलं’ असं लिहायचं नाही, ‘अर्गोस्टेरॉल घटलं’ असं लिहायचं.

निष्कर्षाआधीचे दोन पडताळे

पहिला, आणि सगळ्यात मोलाचा: साध्या गटाच्या पेशींना बाटलीत भरण्याच्या १५ मिनिटं आधी फ्लुकोनॅझोल द्या आणि श्वसन मोजा. एवढ्या वेळात पटलातलं अर्गोस्टेरॉल फारसं बदलत नाही. तरीही श्वसन पडलं तर औषध यंत्रणेवर थेट घाव घालतंय, लिपिडमार्फत नाही. पडलं नाही तर ०, ४, ८, १२ तासांना दोन्ही मोजमापं घ्या. अर्गोस्टेरॉल आधी आणि श्वसन मागून उतरताना दिसलं, तर तुमच्या बाजूने भक्कम पुरावा झाला. तरीही जपून लिहा: अर्गोस्टेरॉलचा मोठा वाटा पेशीच्या बाहेरच्या पटलात असतो आणि तुम्ही मोजलं ते अख्ख्या पेशीचं. मायटोकॉन्ड्रिया वेगळे न काढता ‘मायटोकॉन्ड्रियाचं पटल बदललं’ असं विधान करता येत नाही.

दुसरा पडताळा पेटिटचा. प्रत्येक गटातून वायपीडी प्लेटवर शंभर-दीडशे वसाहती उगवा. त्यांवर ०.१ टक्के टीटीसी (श्वसन करणाऱ्या पेशींत लाल होणारं रसायन), ०.५ टक्के ग्लुकोज आणि १.५ टक्के अगार यांचं, फॉस्फेट बफरमधलं (पीएच ७) सुमारे ५० अंशाचं मिश्रण ओता. तीनेक तासांत श्वसन करणाऱ्या वसाहती लाल होतात, पेटिट पांढऱ्या राहतात. टीटीसी उजेडात बिघडतं, बाटलीला फॉइल गुंडाळा.

हवेशिवायचा गट हवा असेल तर

मेणबत्तीची बरणी वापरू नका. मेणबत्ती विझते तेव्हाही आत भरपूर ऑक्सिजन उरलेला असतो, आणि स्टेरॉल बनवायला यीस्टला अगदी थोडा पुरतो. नायट्रोजन सोडलेली बाटली आणि एअरलॉक लागतो. सिलिकॉनच्या नळीतून ऑक्सिजन झिरपतो, ती टाळा. या गटाचं खाद्य ग्लुकोज. शिवाय १० मि.ग्रॅ. अर्गोस्टेरॉल आणि ४२० मि.ग्रॅ. ट्वीन ८० प्रतिलिटर, दोन्ही गरम इथेनॉलमध्ये एकत्र विरघळवून.

पूरक न दिलेल्या बाटलीतही पहिल्या खेपेला यीस्ट वाढतंच, त्याने गोंधळू नका. हवेत वाढलेल्या पेशींत अर्गोस्टेरॉल कोरड्या वजनाच्या १ टक्क्याच्या आसपास असतं, आणि वाटत वाटत ते ०.१ टक्क्यापर्यंत उतरलं की वाढ अडते. एकाचे अर्धे, पाव, अष्टमांश: साडेतीन पिढ्यांतच तळ लागतो. म्हणून हवेशिवायच दोनदा नव्या बाटलीत घ्या आणि मगच मोजा. मळीवर चालणाऱ्या डिस्टिलऱ्यांत बीज-यीस्टच्या टाकीत हवा सोडतात त्यामागचं गणितही हेच. तिथे हवा कमी पडली तर मोठ्या टाकीत साखर शिल्लक असतानाच किण्वन रेंगाळतं.

मेदाम्लांसाठी नमुने बाहेर पाठवताना

गॅस क्रोमॅटोग्राफी विद्यापीठाच्या उपकरण केंद्रात किंवा पुण्याला करून घ्यावी लागेल. यीस्टची भिंत चिवट असते, म्हणून ०.५ मि.मी.च्या काचमण्यांसोबत क्लोरोफॉर्म-मिथेनॉल २:१ मध्ये फ्यूम हूडखाली व्हॉर्टेक्स करा, मधूनमधून बर्फात ठेवा. द्रावणाच्या एक पंचमांश ०.९ टक्के मिठाचं पाणी घालून खालचा थर घ्या, नायट्रोजनखाली वाळवा आणि टेफ्लॉनची चकती असलेल्या झाकणाच्या काचेच्या कुपीत उणे २० अंशाला ठेवा. प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये क्लोरोफॉर्म ठेवला तर प्लास्टिकमधली द्रव्यं विरघळून आलेखात फुकटची शिखरं उगवतात.

अहवाल आल्यावर चार शिखरं शोधा: १६:०, १६:१, १८:० आणि १८:१ (पहिला आकडा कार्बनचा, दुसरा दुहेरी बंधांचा). हवेत वाढलेल्या पेशींत असंतृप्तांचं पारडं स्पष्ट जड असायला हवं. साध्या गटात लिनोलेइक, म्हणजे १८:२, ठसठशीत दिसलं तर थांबा. सॅकरोमायसिस सेरेव्हिसीला दोन दुहेरी बंधांचं मेदाम्ल बनवताच येत नाही. ते माध्यमातून आलं असेल किंवा फ्लास्कमध्ये दुसरंच यीस्ट शिरलं असेल. ट्वीन ८० च्या गटात मात्र थोडं १८:२ येणारच, कारण ते शुद्ध ओलेइकपासून बनवलेलं नसतं.